पिशवी तुमची, पाणी सगळ्यांचं

खांद्याला कापडी पिशवी, हातात स्टीलची बाटली, स्टेटसला वसुंधरा दिन. आणि सोसायटीच्या मागे तिसरी बोअर मारणं सुरू.

पिशवी जरूर वापरा, त्यात वाद नाही. पण पिशवी एकट्याची असते. जमिनीखालचं पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर आहे?

पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. गच्चीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली येतो आणि शोषखड्ड्याच्या वीतभर अलीकडे तुटलेला असतो. खड्ड्याच्या झाकणावर कुणाची तरी स्कूटर. बिल्डरला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, खड्ड्याचं काम संपलं.

मग उन्हाळ्यात टँकर. टँकर भरतो कुठे? शहराबाहेरच्या कुठल्या तरी गावच्या विहिरीवर. म्हणजे आपली टंचाई आपण पैसे मोजून त्या गावाला पाठवतो.

शाश्वत जगणं म्हणजे काय, यावर अजून परिसंवाद भरतात. पुरंदर तालुक्यात उत्तर मिळून पन्नास वर्षं झाली! १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरांवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढंच. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येणार नाही.

इतकं स्पष्ट राज्यात पुन्हा किती ठिकाणी ठरलं?

हिवरे बाजारात ठरलं. पोपटराव पवार सरपंच असताना गावानं शेतीसाठी बोअर बंद केली, उसाला नाही म्हटलं. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. आधी माणसं आणि जनावरं, उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी झाला, तर पिकं बदलायची.

त्या गावात सगळे संतच राहतात का? मुळीच नाही. माझ्या रानात मला बंदी का, हा प्रश्न तिथेही कुणाला तरी पडणारच. फरक एवढाच, की त्याचं उत्तर सगळ्यांसमोर द्यावं लागतं.

उलट उदाहरण लातूरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. लातूरकर काय नळ उघडे टाकून बसले होते? घराघरात थेंब न् थेंब वाचवला जात होता. धरणात पाणी होतं तेव्हा उसाला किती आणि प्यायला किती, हा हिशेब मात्र वेळेवर झाला नाही. घरच्या काटकसरीनं तो भरून निघत नाही.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. या वेळी रंगकामाच्या आधी तीन गोष्टी विचारा. बोअर किती फूट खाली गेली? वर्षात टँकर किती आले? शोषखड्डा शेवटचा कधी साफ केला? आकडे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.