मधली बावीस वर्षं

पंचेचाळिशी ओलांडली की माणसं एकतर मॅरेथॉन पळतात, नाहीतर मास कम्युनिकेशनला प्रवेश घेतात. मॅरेथॉनमध्ये निदान शेवटी केळं मिळतं.

आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी दुसरी वाट धरली. सहकारी बँकेत 22 वर्षं काढून राजीनामा दिला आणि थेट एमएला अर्ज भरला. प्रवेश परीक्षेत पोरांना मागे टाकलं. घोडं अडलं ते कागदपत्रांपाशी. शिक्षणात खंड पडलाय, गॅप सर्टिफिकेट आणा! म्हणजे नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र : मधल्या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता आणि कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सामील नव्हते. सहकारी बँकेचं नाव वाचून दुसऱ्या वाक्यापाशी नोटरीनं एकदा चष्म्यावरून बघितलं म्हणे.

वर्गात मुलं त्यांना मॅम म्हणतात, सर मॅडम म्हणतात. पोरं नेट-जेआरएफची तयारी करतात. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला वयोमर्यादा 30, बायकांना 5 वर्षांची सवलत. म्हणजे ती गाडी कधीच सुटली. सहायक प्राध्यापक व्हायला मात्र नेटला वयाची अट नाही. जागा निघण्याची वाट बघता बघता म्हातारं व्हायचंच असतं, तेव्हा हे रास्तच.

पहिल्याच आठवड्यात हॅरॉल्ड लासवेल आला. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि परिणाम काय होतो, हे त्याचे 1948 सालचे प्रश्न. पाठोपाठ त्याच सालचा क्लॉड शॅनन. बाईंनी वहीत पट्टीनं आकृत्या काढल्या. आता गंमत बघा. लासवेल राज्यशास्त्राचा. शॅनन बेल लॅब्जमधला गणिती-इंजिनिअर. पॉल लाझार्सफेल्डची डॉक्टरेट गणितातली, आणि मॅक्लुहान इंग्रजी साहित्याचा मास्तर. या विषयाचं अख्खं घराणंच बाहेरून आलेलं! येताना जो तो आपली शिदोरी घेऊन आला, म्हणून तर विषय उभा राहिला. आपल्याकडे शिदोरी दाराबाहेर ठेवायची, तीही नोटरीच्या शिक्क्यासह.

बाईंची शिदोरी काय होती? सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध घातले, सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा ठेवली. त्या बँकेशी काडीचा संबंध नसलेल्या बाईंच्या शाखेपुढेही दुसऱ्या दिवशी रांग. मॅनेजरनं दारावर कागद चिकटवला : ‘ठेवी सुरक्षित आहेत. घाबरू नये.’ तो वाचून रांग दुप्पट झाली. दुपारी गल्लीतले निवृत्त हेडमास्तर आले. सगळ्यांना वाटलं, हेही एफडी मोडणार. त्यांनी नवी केली. पावतीची घडी खिशात घातली, रांगेतल्या दोघाचौघांची चौकशी केली आणि छत्री घेऊन घरी गेले. चार वाजेपर्यंत रांग विरली. लाझार्सफेल्ड आणि एलिहू काट्झ यांनी 1955 साली अमेरिकेत पुस्तक लिहून सांगितलं, की माध्यमातला संदेश लोकांच्या गळी उतरतो तो बहुतेकदा ओळखीतल्या वजनदार माणसामार्फत. बाईंनी ते काउंटरच्या काचेतून पाहिलं होतं.

त्यांनी डिझर्टेशनला हाच विषय दिला. अफवा, रांग आणि हेडमास्तर.

‘‘मॅडम, रेफरन्सेस?’’ गाइडनं विचारलं.

‘‘सर, काउंटरवर मीच होते.’’

‘‘तसं चालत नाही. आधी कुणीतरी लिहिलेलं लागतं.’’

‘‘तेच लिहायला आलेय ना, सर.’’

सर चांगले आहेत. त्यांनी बाईंना चहा पाजला आणि विषय बदलून दिला. आता ‘रील्सचा महाविद्यालयीन तरुणांवर होणारा परिणाम’ हे शीर्षक मंजूर झालंय. संदर्भांना तोटा नाही, गेल्या वर्षी तिघांनी त्यावरच केलंय. बाई रील्स बघत नाहीत, पण तशी अट नाही.