बंद काहीच नाही, फक्त पुढे न्या

इंग्लंडातल्या लोकांचा मला हेवा वाटतो. त्यांच्या दवाखान्याचा अपघात विभाग रीतसर बंद होतो. आधी अहवाल, मग जाहीर सूचना, मग हरकती, मग तारीख. किडरमिन्स्टर गावातला विभाग २००० साली असाच बंद झाला. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच रुग्णालयातून निवृत्त झालेले डॉक्टर रिचर्ड टेलर अपक्ष उभे राहिले आणि सत्ताधारी पक्षाच्या मंत्र्याला साडेसतरा हजारांवर मतांनी पाडून संसदेत जाऊन बसले. लंडनच्या लुइशम रुग्णालयाचा विभाग छाटायचा हुकूम २०१३ मध्ये निघाला. लोक कोर्टात गेले आणि आरोग्यमंत्री एकाच वर्षात दोनदा हरले.

आपल्याकडे ही सोय नाही. कारण आपल्याकडे काही बंदच होत नाही.

कोकणातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात रात्री जाऊन बघा. पाटी आहे. पाटीवर ‘२४ तास सेवा’ आहे. ट्यूबलाइट चालू, केसपेपर चालू, सिस्टर जाग्या. फक्त सर्जनची जागा रिकामी आहे, भूल देणारे डॉक्टर बोलावल्यावर येतात, मशीन आहे तर चालवणारा नाही आणि चालवणारा आहे तर मशीन दुरुस्तीला गेलंय. पेशंटला मात्र कुणी परत पाठवत नाही. फार तर म्हणतात, “पुढे न्या.”

आता हे ‘पुढे’ रायगडच्या पेण तालुक्यातल्या जिते गावच्या माणसाने मोजून बघावं. रात्री दोनला छातीत कळ आली. पेणला नेलं. तिथून पुढे म्हणजे वडखळ नाक्यावरून अलिबाग, तीसेक किलोमीटर. अलिबागहून पुढे म्हणजे मुंबई. आणि अलिबागहून मुंबईचा रस्ता कुठून? वडखळ, पेण आणि परत जिते! पेशंट शुद्धीवर असला तर त्याला वाटेत स्वतःचं गाव पुन्हा दिसतं. उतरता येत नाही, एवढंच.

रस्ताही साधासुधा नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या साली जन्मलेली पोरं आता मिसरूड फुटून त्याच रस्त्यावर बाइक उडवतात. डोलवीच्या कारखान्याचे ट्रेलर, गणपतीला गावी निघालेले चाकरमानी, हमरापुरातून मूर्ती भरून निघालेले टेम्पो, सगळे एकाच डांबरावर. अपघाताची व्यवस्था २४ तास चोख आहे. अपघातानंतरची तेवढी पुढे आहे.

बरं, १०८ ची गाडी आहे. २०१४ च्या जानेवारीत राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या आल्या. त्यातल्या २३३ जीवरक्षक यंत्रणा असलेल्या, बाकीच्या ७०४ साध्या. गाडीवरच्या माणसांना नावं ठेवायची नाहीत, ती बिचारी खड्ड्यातूनही माणूस जिवंत नेतात. पण ही गाडी पेशंटला घरून दवाखान्यात न्यायला आली होती. आता तिचा बराच वेळ एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात नेण्यात जातो. आणि ती मुंबईला गेलेली असताना इकडे दुसरा कुणी पडला, तर त्याने तिची वाट बघायची.

लोक लढत का नाहीत, असं शहरातले विचारतात. पेणवाल्यांना लढता येत नाही असं म्हणणाऱ्याने २००८ आठवावं. महामुंबई सेझसाठी जमिनी जाणार होत्या. २१ सप्टेंबरला तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला, आणि कौल कुणाच्या बाजूने गेला हे सांगायला नको. पण तिथे नोटीस होती, सर्व्हे नंबर होता, सातबारा होता. जमीन जाताना कागद येतो. अपघात विभाग जाताना काहीच येत नाही. मोर्चा काढायचा तर कुठल्या जीआरविरुद्ध? निवेदन घेऊन गेलात तर साहेब चहा पाजून म्हणतील, “अहो, बंद कुठे आहे? पाटी बघा ना!”

मग साहेब दुसरं कारण काढतात. खेड्यात डॉक्टर यायलाच तयार नाहीत. हे रायगड जिल्ह्यात बोलायला धाडस लागतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर मरत होती. ते पेशंटच्या उशाशी बसले, नोंदी केल्या, रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून बघितलं आणि ‘लॅन्सेट’मध्ये छापून जगाला सांगितलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनीही “पुढे न्या” म्हटलं असतं, तर ‘लॅन्सेट’ला काही अडलं नसतं, विंचवांचं मात्र फावलं असतं.

अर्थात दर तालुक्यात एक बावस्कर निघेल या भरवशावर खातं चालवता येत नाही. त्यासाठी पदं भरावी लागतात, राहायला न गळणारं घर द्यावं लागतं, पगार वेळेवर करावा लागतो. हे कंटाळवाणं काम आहे. त्याची फीत कापता येत नाही.

‘पैसे नाहीत’ हे शेवटचं कारण तर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच निकालात काढलंय. बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका गरीब माणसाला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी जागा नाही, सोय नाही म्हणत फिरवलं. शेवटी खासगीत जावं लागलं. न्यायालय म्हणालं, वेळेवर तातडीचे उपचार न देणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि तिजोरीची सबब चालणार नाही. त्याला पंचवीस हजार भरपाई मिळाली.

म्हणून आमची मागणी जरा उलटी आहे. दवाखाना चालू ठेवा, असं आम्ही म्हणतच नाही. जे बंद आहे ते बंद म्हणून लिहा. रोज संध्याकाळी दारात काळ्या फळ्यावर: आज रात्री सर्जन नाही, भूलतज्ज्ञ नाही, एक्स-रे नाही, सर्पदंशावरच्या प्रतिविषाच्या इतक्या बाटल्या. म्हणजे जित्याचा माणूस अलिबागची प्रदक्षिणा न घालता सरळ पनवेलचा रस्ता धरेल. महिनाअखेरीस किती जणांना पुढे पाठवलं आणि का, ते ग्रामसभेत वाचून दाखवा. खडूला निविदा लागत नाही, तांत्रिक मंजुरीही लागत नाही.

आणि फळा कोराच राहिला, तर सगळं सुरू आहे असं समजून पेशंटला न्यायचं. “पुढे न्या” म्हणाले की हलायचं नाही असं नाही. गाडी निघू द्यायची. पण घरातल्या एकाने मागे थांबायचं आणि कागद पुढे सरकवायचा: साहेब, कारण लिहा, वेळ टाका, सही करा.