कीनोट पाहण्याचा शास्त्रोक्त विधी

मे-जून आला की धाराशिव जिल्ह्याचे डोळे पावसाकडे लागतात आणि ज्या घरात एखादे पोर कोडिंग करते तिथे अमेरिकेतल्या टेक कंपन्यांच्या परिषदांमधल्या मुख्य म्हणजे कीनोट भाषणाकडेही. पावसाचे विचारायला हवामान खाते आहे. कीनोटचे विचारायला कोणीच नसल्याने सगळ्या शंका या सदराच्या सल्लागारांकडे येऊन पडतात. त्यातल्या निवडक शंकांचे हे निरसन.

ॲपलच्या डेव्हलपर परिषदेला जायला खर्च किती, अशी पहिली शंका भूमहून आली आहे. 2019 पर्यंत तिकीटच 1,599 डॉलरचे होते, म्हणजे तेव्हाच्या दराने लाखाच्या वर; विमान आणि मुक्काम वेगळा. इतके मोजायची तयारी असली तरी तिकीट मिळेलच असे नव्हते. 2013 मध्ये सगळी तिकिटे दोन मिनिटांच्या आत संपली आणि पुढच्या वर्षापासून म्हाडाच्या घरांसारखी सोडत सुरू झाली. 2020 मध्ये करोनाने परिषद ऑनलाइन नेली, फुकट केली, आणि भूमच्या वाचकाचा प्रश्न परस्पर सुटला.

घरबसल्या पाहण्याचा विधी सोपा आहे. कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा होतात. जेवण आधी उरकावे. इन्व्हर्टर भरून ठेवावा. एवढ्या रात्री कोणाचे भाषण ऐकतोस, असे आजोबांनी विचारलेच तर ऑफिसचे काम आहे म्हणावे. नोकरी लागायची असेल तर अभ्यास म्हणावे. ऐन वेळी नेट अडकले तर नशिबाला दोष देऊ नये. 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्स आयफोन 4 दाखवत असताना खुद्द सभागृहातच नेट अडकले होते. हॉलमध्ये 570 वायफाय बेस स्टेशन चालू आहेत, ती बंद करा, अशी विनवणी त्यांना भर मंचावरून करावी लागली.

दुसरी शंका कळंबच्या एका विद्यार्थिनीची, आणि ती खरी महत्त्वाची आहे: मंचावर जे जाहीर होते त्यातले आपल्यापर्यंत काय पोचते?

या विषयात धाराशिवकरांना बाहेरच्या कोणी शिकवावे असे काही नाही. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग मंजूर झाल्याचे पंतप्रधानांनी जानेवारी 2019 मध्ये सोलापूरच्या सभेत सांगितले. पुढे पाच वर्षे उलटली तरी तुळजापूरला रेल्वे पोचली नव्हती. घोषणा, मंजुरी, भूसंपादन, निविदा आणि प्रत्यक्ष गाडी या पाच वेगळ्या गोष्टी असतात, हे इथल्या शेतकऱ्याला सातबारा हातात धरून कळले आहे. तीच पट्टी कीनोटला लावावी. ॲपलने जून 2024 च्या परिषदेत वापरणाऱ्याचे वैयक्तिक संदर्भ समजणारी नवी सिरी दाखवली आणि मार्च 2025 मध्ये ती लांबणीवर टाकली. त्याच परिषदेतल्या ॲपल इंटेलिजन्ससाठी किमान आयफोन 15 प्रो हवा, ही अट टाळ्या ओसरल्यावर अनेकांच्या ध्यानात आली. शासकीय योजनेतही लाभार्थ्याची पात्रता शेवटच्या पानावरच असते.

म्हणून भाषण ऐकताना वही घ्यावी आणि तीनच रकाने आखावेत: कधी, कुठे, कोणत्या फोनवर. ‘येत्या काळात’ आणि ‘निवडक देशांत’ हे शब्द आले की रकाना कोरा सोडावा. रकाने क्वचित भरतातही. गूगलच्या जेमिनी या एआय सहायकाचे ॲप जून 2024 मध्ये भारतात आले ते मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. एआय हा शब्द किती वेळा आला ते मात्र मोजत बसू नये. 2024 च्या गूगल आय/ओ परिषदेत सुंदर पिचाईंनी ते काम जेमिनीकडूनच करून घेतले आणि आकडा निघाला 120.

टाळ्यांवरही भरवसा ठेवू नये. मे 2009 मध्ये गूगलने ‘वेव्ह’ हे ऑनलाइन संवादाचे साधन दाखवले तेव्हा सभागृह उठून उभे राहिले होते. ऑगस्ट 2010 मध्ये गूगलने त्याचे काम थांबवले.

परंड्याच्या वाचकाला जवळपासची परिषद हवी आहे. पायथन प्रोग्रामरांची पायकॉन इंडिया 2011 मध्ये पुण्यात भरली होती आणि अशा स्वयंसेवी मेळाव्यांचे तिकीट परवडते. तिथे वागावे कसे, याची चिंता नको. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला 93 वे साहित्य संमेलन ज्यांनी अनुभवले त्यांचे प्रशिक्षण पूर्ण झाले आहे: मुख्य मंडपात उद्घाटन, खरी चर्चा बाहेर चहाच्या टपरीवर. संमेलनात पुस्तकांच्या पिशव्या भरतात, परिषदेत स्टिकर आणि टी-शर्टच्या.

शेवटची शंका उमरग्याची. ऑनलाइन फॉर्ममध्ये जिल्हा निवडताना ‘ध’ खाली शोधावे की ‘उ’ खाली? उस्मानाबादचे नाव अधिकृतपणे 2023 मध्ये धाराशिव झाले, पण ड्रॉपडाऊनची यादी राजपत्र वाचत नाही. ती कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली असते. आधी ‘ध’ पाहावे, मग ‘उ’, आणि दोन्हीकडे जिल्हा नसेल तर पान रिफ्रेश करून पुन्हा ‘ध’. कळंबच्या विद्यार्थिनीने पुढे डेटाबेस बांधला तर गावाच्या नावाला प्रायमरी की करू नये. नाव बदलले तरी शहराचा पिनकोड 413501 आणि गाड्यांवरचा एमएच-25 जागचे हललेले नाहीत.