मोतीबिंदू विरघळवणाऱ्या महाशयांस

महाशय,

पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. तो तुम्हांला घालावा असे काही तुम्ही आमच्या सफाळ्यात केलेले नाही, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

तुम्ही सभा भरवलीत, म्हाताऱ्या माणसांना मानाने पुढच्या खुर्च्यांवर बसवलेत आणि 'डोळ्यांच्या कॅप्सूल' विकल्यात. मोतीबिंदू विरघळेल, काचबिंदू थांबेल, चष्मा सुटेल, आणि हे सगळे अमेरिकेत सिद्ध झालेले! माझ्या काकूंनी ते ऐकून मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख सोडली. लोकल गाठायची, कोणाला तरी कामावर खाडा करायला लावून सोबत न्यायचे, वर डोळ्याला हत्यार लागणार ही धास्ती. त्या धास्तीवरच तुमचा धंदा चालतो.

अमेरिकेतला तो अभ्यास खरा आहे, म्हणून तर राग जास्त येतो. तिथल्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या 'एरेड्स' अभ्यासाचे निष्कर्ष 2001 साली आले. त्यात 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, 400 युनिट ई जीवनसत्त्व, 15 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, 80 मिलिग्रॅम झिंक आणि थोडे तांबे दिले होते. डोळ्याच्या पडद्याचा वयोमानाने होणारा आजार ज्यांच्यात मध्यम टप्प्यावर होता किंवा एका डोळ्यात बळावला होता, त्यांच्यात तो आणखी बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाला. आजार बरा झाला नाही, गेलेली नजर परत आली नाही. मोतीबिंदूवर तर या गोळ्यांचा काहीच परिणाम दिसला नाही. हेही त्याच अभ्यासात आहे. सभेत नेमके तेवढेच सांगायचे राहिले का हो तुमचे?

पडदा तपासल्याशिवाय त्या गोळ्या कोणाच्या उपयोगाच्या हे कळतच नाही. तुमच्याकडे बाहुली मोठी करायचे थेंब नव्हते, यंत्र नव्हते, डॉक्टर नव्हता. पावतीपुस्तक तेवढे होते.

आणि ते बीटा-कॅरोटीन! सिगारेट ओढणाऱ्या फिनलंडमधल्या पुरुषांना ते दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढला, हे 1994 सालीच जाहीर झाले. 2013 साली दुसऱ्या एरेड्समध्ये पूर्वी धूम्रपान केलेल्यांतही तेच दिसले. बीटा-कॅरोटीनच्या जागी 10 मिलिग्रॅम ल्युटीन आणि 2 मिलिग्रॅम झिअ‍ॅझँथिन आले ते यामुळे. तुमच्या डबीवर ल्युटीनच्या जोडीला बीटा-कॅरोटीन अजून आहेच. समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी जन्मभर विडी ओढली, हे तुम्ही एकालाही विचारले नाहीत.

ल्युटीन हिरव्या पालेभाज्यांत असते. आमच्याकडच्या बाया त्याच भाज्यांची ओझी घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जातात, चार पैसे गाठीला बांधतात. त्यांच्याच घरच्यांना तुम्ही ल्युटीनची डबी विकलीत. पालेभाजीने मोतीबिंदू जातो असे मी म्हणणार नाही, ती थाप तुमची. पण बायांच्या घामाच्या पैशांवर तुमचा डोळा गेला, हे मी विसरणार नाही.

तुमच्या डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे इंग्रजीत छापले आहे. सरकारी नियमाने ते छापावेच लागते. मोतीबिंदू झालेल्या माणसाला ते वाचता येणार नाही, हे तुम्ही पुरते जाणून आहात. मोतीबिंदू किंवा अंधत्व बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार केली जाईल.

काकूंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन उशिरा का होईना, करता येईल. पण तुमच्या भरवशावर कोणी काचबिंदूचे थेंब बंद केले असतील, तर त्या माणसाची गेलेली नजर जगातला कोणताही डॉक्टर परत आणू शकत नाही. ज्यांना ज्यांना डबी दिलीत, त्यांच्या घरी जाऊन पैसे परत करा आणि आधी ऑपरेशनला जा, थेंब चालू ठेवा, असे स्वतःच्या तोंडाने सांगा.

सफाळेकरांनो, एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीची सरळ रेघ पाहा. ती वाकडी किंवा मध्येच पुसलेली दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. मोतीबिंदूवर एकच उपाय आहे, ऑपरेशन. आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत होते.

सफाळ्याचा एक रहिवासी