सगळं ‘नॉर्मल’ दाखवणाऱ्या एक्स-रे फिल्मबाईंना खुले पत्र

प्रति,
श्रीमती एक्स-रे फिल्म,
मुक्काम : खाकी लिफाफा, लोखंडी कपाटावर,
जि. जालना

विषय : माझ्या पाठीविषयी आपण गावभर देत असलेल्या साक्षीबाबत

फिल्मबाई,
स. न. वि. वि.

सर्वप्रथम आपलं हार्दिक अभिनंदन. माझ्या कमरेविषयी बोलायचा अधिकार आता फक्त आपल्यालाच उरला आहे. मी ‘दुखतंय’ म्हणाले की लोक माझ्याकडे नाही, आपल्याकडे बघतात. कुणी आपल्याला खिडकीला लावतं, कुणी ट्यूबलाइटसमोर धरतं, कुणी मागून मोबाइलचा टॉर्च मारतं. चार स्क्रू, दोन रॉड, चौथा आणि पाचवा मणका एकमेकांना घट्ट धरून बसलेले. लगेच निकाल लागतो, ‘सगळं तर मस्त बसलंय की!’

स्टीलच्या मिलमध्ये कामाला असलेल्या धाकट्या दिरांनी तर आपल्याला उभं-आडवं निरखून शेरा मारला, ‘वहिनी, आमच्या सळयासुद्धा इतक्या सरळ निघत नाहीत.’ जालन्यात सळईबद्दल मिलवाल्याचा शब्द म्हणजे शेवटचा. त्या दिवसापासून माझं कण्हणं घरात नाटक ठरलं.

निवडणुकीच्या ड्युटीतून सूट मागायला गेले, तिथेही आपणच पुढे. साहेबांनी आपल्याला उजेडात धरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘मॅडम, ऑपरेशन यशस्वी झालंय ना? मग अडचण काय?’ अडचण एवढीच, की मतदान केंद्राच्या फरशीवर रात्र मला काढायची होती, आपल्याला नव्हे.

बरं, आपण एक अक्षरही खोटं बोलत नाही. खोटं बोलला असता तर केव्हाच पकडल्या गेला असता. आपण फक्त अर्धं बोलता, आणि उरलेलं अर्धं माझ्याकडून ऐकायला कुणी थांबत नाही.

आपल्या घराण्याची रीतच तशी. एक्स-रेचा शोध लावणाऱ्या रोंटगेन यांनी 1895 च्या डिसेंबरात पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, तेव्हा त्यात ठळक उमटली ती हाडं आणि बोटातली अंगठी. हाड आणि धातू, नजर तेवढ्यावरच. माझ्या पाठीत दोन्ही भरपूर, म्हणून आपली माझ्यावर विशेष मर्जी. पण फार काळ दबून राहिलेली नस मोकळी झाल्यावरही बिघडलेलीच राहू शकते, ती आपल्याला दिसत नाही. जखम भरताना नसेभोवती धरलेला चिवट व्रण दिसत नाही. मणक्यापर्यंत पोचण्यासाठी बाजूला सारलेले पाठीचे स्नायू नंतर अशक्त होतात, तेही नाही. आणि कळा सोसून सोसून मज्जारज्जू आणि मेंदू इतके हळवे होतात, की साध्या वाकण्यालाही धोका समजून बोंब ठोकतात. ती बोंब आपल्या कानी कशी पडावी? हाड पूर्ण जुळलं का, हे सांगतानाही आपण कधी कधी चाचरता आणि सीटी स्कॅनला बोलवावं लागतं.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया 1911 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अल्बी आणि हिब्ज या डॉक्टरांनी सुरू केली. मणक्याचा क्षय हा तेव्हाचा मोठा शत्रू. शस्त्रक्रियेचं काम एकच, हलणारा सांधा हलायचा थांबवणं. ते माझ्याही पाठीत चोख झालं. पायात उतरणारी कळ गेली, त्याबद्दल मी डॉक्टरांची ऋणी आहे. पण हालचाल थांबली म्हणजे दुखणंही थांबेल, असा करार कुणी केलेला नसतो. उलट जोडलेला भाग हलेनासा झाला की त्याचा ताण शेजारच्या मणक्यांवर पडतो.

माझा भाचा गोल्फपटू टायगर वूड्सचं उदाहरण घेऊन आला. ‘मावशी, 2017 मध्ये मणके जोडले आणि 2019 मध्ये मास्टर्स जिंकली. मनावर घे!’ घेतलं मनावर, आणि पुढचंही वाचलं. 2024 मध्ये त्याच पाठीवर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि 2025 च्या ऑक्टोबरात जोडलेल्या जागेच्या लगेच वरची चकती बदलली. भाचा तेव्हापासून क्रिकेटवर बोलतो.

आपल्या थोरल्या बहिणींचीही कीर्ती कानावर आली आहे. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआय आणि सीटीचा एक आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे बिघाड दिसतो तिथे दुखत नाही, आणि माझं दुखतं तिथे बिघाड दिसत नाही. एवढ्या भरवशाच्या साक्षीदार घराण्यावर आमचा अख्खा तालुका विसंबून आहे.

तिकडे दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने 2020 मध्ये दुखण्याची व्याख्या सुधारली आणि सोबत लिहून ठेवलं, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्या सांगण्याचा मान राखावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. हा निरोप जिनिव्हाहून निघाला असेलही, आमच्या ओसरीपर्यंत अजून आलेला नाही.

आपण लिफाफ्यात आरामात पडून असता, म्हणून माझी दिनचर्या कळवते. सकाळी कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठायचं. वर्गात थोडं उभं, थोडं खुर्चीत, थोडी फेरी. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधीच थांबायचं, ही फिजिओथेरपिस्टची शिकवण. बरं वाटेल त्या दिवशी घरातली सगळी कामं उरकायचा मोह टाळायचा, नाहीतर पुढचे दिवस अंथरुणात जातात. रोज चालणं, पोटापाठीचे व्यायाम, नसेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. मेडिकलवरून पेनकिलरच्या पट्ट्या आणून महिनोन्महिने खाणाऱ्या शेजारणींना मूत्रपिंडाची आठवण करून देते. पंगतीत खुर्ची मागते, मग बायका माझ्याऐवजी खुर्चीकडे बघत जेवतात. राजूरच्या गणपतीला जाताना एसटीच्या मागच्या सीटला लांबूनच नमस्कार करते. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गुळगुळीत जातो. दुर्दैवाने माझी शाळा त्याच्यावर नाही.

आपली गरजच नाही, असं मी म्हणणार नाही. स्क्रू ढिला झाला, रॉड तुटला, तर ते आपणच दाखवाल. आणि पाय एकाएकी लुळा पडू लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा तापासोबत पाठ ठणकू लागली, तर मी पत्र लिहीत बसणार नाही, थेट दवाखाना गाठेन.

तोवर मागण्या दोनच. हाडाबद्दल विचारलं तर जरूर बोला. मला किती दुखतं हे विचारलं तर ‘ते बाईंनाच विचारा’ म्हणा. आणि लिफाफ्यातून बाहेर काढताच आपण जो विजयी चेहरा करता, तो जरा आवरा.

कळावे. लोभ कमी असावा.

आपली,
चार स्क्रूंची मालकीण,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका

ता. क. : पुन्हा निवडणुकीच्या ड्युटीचा आदेश आला तर या वेळी आपल्यालाच पाठवणार आहे. आपली प्रकृती ठणठणीत असल्याची साहेबांची खात्री झालेलीच आहे.