चाळिसाच्या वर

आमच्या घरात माझ्या डाव्या पायाचा विषय कधी निघालाच नाही. दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला, पाय बारीक राहिला आणि आईनं परस्पर जाहीर करून टाकलं की पोराला काहीही झालेलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढायला मी पुढे, दळण आणायला मी, गणपतीत ढोलापुढे नाचायलाही मीच. एखाद्या पाहुण्यानं "पोरगा जरा लंगडतोय का हो?" असं विचारलंच, तर आई म्हणायची, "नवी चप्पल चावतेय." ती नवी चप्पल मला पंधरा-सोळा वर्षं चावत होती.

अशा घरात वाढलेल्या माणसापुढं सरकारी अर्ज ठेवला की त्याची पंचाईत होते. अर्जाला आपलं बरं चाललेलं बघवत नाही. त्याला विचारायचं असतं ते एवढंच की तुझं काय बिघडलंय, कधीपासून, कशामुळं आणि शरीराच्या नेमक्या कुठल्या भागात.

पहिला दाखला काढला तेव्हा १९९५चा अपंग व्यक्ती कायदा नुकताच आला होता. दाखल्यावरच्या फोटोत अपंगत्व दिसलं पाहिजे असा तेव्हा नियम होता. तालुक्याच्या स्टुडिओत लग्न ठरवायच्या फोटोंसाठी एक रंगवलेला धबधबा होता. त्याच्यापुढं मी पँट गुडघ्यावर दुमडून उभा राहिलो. फोटोग्राफरनं सवयीनं "जरा हसा" म्हटलं आणि मीही सवयीनं हसलो. हॉस्पिटलातल्या कारकुनानं फोटो दोनदा वरखाली केला आणि म्हणाला, "पाय बरोबर आलाय, पण तुम्ही खूश दिसताय." दुसरा काढून आणावा लागला. पुढं नियम बदलला आणि फोटोत फक्त चेहरा हवा असं आलं. म्हणजे आता पायाच्या दाखल्यावर पाय चालत नाही. हसलं तर चालतं की नाही, हे विचारायचं मी टाळलं.

त्या पहिल्या दाखल्यावर मला ५० टक्के होते. २०१२नंतर संगणकावरचा दाखला आला, पुन्हा तपासणी झाली, ४५ पडले. मग युडीआयडी कार्ड आलं, ४८. पाय तोच. बोर्डाच्या दिवशी सिव्हिलच्या बाहेरचा माहोल थेट दहावीच्या निकालाचा असतो. तिथं ३५ला पास, इथं ४०ला. त्याच्या आत असलात तर कार्डावर पांढरी पट्टी येते आणि बहुतेक सवलती हुकतात. चाळीस ते ऐंशी पिवळी, ऐंशी आणि पुढं निळी. दार उघडलं की बाहेरचे सगळे एका सुरात विचारतात, "किती पडले?" एकाला ३८ पडले होते. त्याचा चेहरा बघवेना. त्याची बायको शिपायाला विचारत होती, "रिचेकिंगला कुठं अर्ज द्यायचा?" (हॉस्पिटलच्या जिन्याबद्दल मी काही लिहिणार नाही. अपंगांच्या बोर्डावर लिहिणारा प्रत्येक जण जिन्याबद्दल लिहितो. जिना होता, एवढंच नोंदवतो.)

तर अशी ही माझी शैक्षणिक पात्रता. तिच्या जोरावर नातेवाइकांत मी फॉर्ममधला जाणकार ठरलो आणि मामाच्या दत्तूची केस माझ्याकडं आली.

दत्तूचा डावा हात कडबाकुट्टीत गेला, मनगटापासून. त्यातून दत्तू डावखुरा. पण दवाखान्यातून घरी आला आणि त्यानं गावाला दाखवून द्यायचं मनावर घेतलं. एका हातानं म्हशीची धार काढतो, गुडघ्यात धरून नारळ सोलतो, स्वतःचा फेटा स्वतः बांधतो, आणि लग्नसराईत दुसऱ्यांचेही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांनाही पैसे मिळतात आणि २०२५मध्ये ते महिन्याला अडीच हजार झालेत, हे दत्तूच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, कुठून तरी कळलं. दत्तू भडकला.

"मला काय भीक लागलीया?"

"भीक न्हाय, फारम हाय," वहिनी म्हणाली.

आधी सिव्हिलला गेलो. डॉक्टर तरुण होते, भले होते. हात नीट बघून त्यांनी विचारलं, "बरं, काय काय जमत नाही?"

"समदं जमतंय सायेब."

मी त्याच्या पायावर पाय दिला. चांगला, उजवा.

"शर्टाची बटणं वगैरे?"

"दावू?" आणि आम्ही काही म्हणायच्या आत दत्तूनं एका हातानं वरपासून खालपर्यंत सगळी बटणं काढली आणि पुन्हा लावली. डॉक्टरांना दोन हातांनी तेवढं जमलं नसतं. वहिनीनं कपाळाला हात लावला. तिला वाटलं, गेले अडीच हजार.

पण हात कुठून तुटलाय यावर टक्के ठरतात, बटणांवर नाही. जिद्दीचे मार्क वजा करायची सोय त्या तक्त्यात अजून तरी नाही. दत्तूला ७० पडले. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "दादा, तुला किती हाईत?"

"अठ्ठेचाळीस."

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आसू दे," म्हणाला.

उत्पन्नाच्या दाखल्याला तर आणखी मजा. दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, म्हणजे दिवसाला १३७ रुपयांच्या आत अख्खं घर. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा शासनाचा आदेश आहे. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं ते म्हणतंच. भाऊसाहेबांनी विचारलं, "वर्षाला किती सुटतात?" चावडीत चारचौघं बसलेले. त्यांच्यादेखत दत्तू कसा कमी सांगेल? "लाखाच्या खाली बोलूच नका," त्यानं सांगून टाकलं. वहिनीनं पदराखालून डेअरीची बिलं काढली. दुधाचे इतके, त्यातून पेंडीची कपात, भुश्श्याची कपात, मागल्या उचलीची कपात. खालची रक्कम बघून भाऊसाहेब गप्प झाले आणि लिहू लागले. घरी जाताना दत्तू वहिनीशी बोलला नाही. गरिबी होती ती होतीच, पण ती आता शिक्क्यानिशी होती.

खरी गोष्ट तहसीलमध्ये घडली. दत्तू डावखुरा असल्यामुळं त्याची सही हाताबरोबर गेली. उजव्या हातानं काढलेली सही त्याची त्यालाच ओळखू येत नाही, आणि बँकेतली सही जुन्या हाताची. तेव्हा ठरलं की अंगठा लावायचा. अर्जावर छापलं होतं, सही किंवा डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. दत्तूनं उजवा पुढं केला.

कारकून मान खाली घालून कागद लावत होता. "डावा."

"उजवा घ्या की सायेब."

"पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा. रीत आहे ती."

"मग माझा घ्या," वहिनी म्हणाली.

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली. दत्तूनं डावी बाही सरकवून मनगट टेबलावर ठेवलं, अर्जाला जोडलेल्या दाखल्याच्या शेजारीच. कारकून ओशाळला. माणूस वाईट नव्हता; त्यानं आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. पण चहा पिऊन झाल्यावर त्याच्यातला कारकून परत आला. म्हणाला, "असं करा, एक साधा अर्ज द्या. डाव्या अंगठ्याचा ठसा का देता येत नाही, कारण नमूद करून. दहाचं कोर्ट फी तिकीट लावा."

मी अर्ज लिहिला. आयुष्यभर पोरांना पत्रलेखन शिकवलंय, पण असा विषय प्रश्नपत्रिकेत कधी आला नव्हता. 'उपरोक्त अंगठा उपलब्ध नसल्याने' असं एक वाक्य त्यात होतं, त्याचा मला अजून अभिमान आहे. शेवटी 'आपला विश्वासू' लिहिलं आणि खाली दत्तूनं उजवा अंगठा उठवला.

कारकुनानं तो ठसा बराच वेळ न्याहाळला. उजवा अंगठा चालावा म्हणून अर्ज, आणि अर्जाखाली तोच उजवा अंगठा. आता हा चालावा म्हणून आणखी एक अर्ज मागावा का, असं त्याच्या मनात येऊन गेलं; मी चेहऱ्यावर वाचलं. मग त्यानं घड्याळ बघितलं आणि शिक्का मारला.

पुढं समितीच्या बैठकीची वाट बघणं आलं, आधार बँकेला जोडणं आलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पैसे सुरू झाले. दत्तू त्याला 'हाताचं भाडं' म्हणतो आणि वहिनीकडून दर महिन्याला हिशेब मागतो.

मंजुरीचा कागद घेऊन आम्ही तिघं एसटीनं परत निघालो. कंडक्टरला मी माझं कार्ड दाखवलं, दत्तूनं त्याचं. दोघांनाही ७५ टक्के सूट. मग तो वहिनीकडं वळला.

"हिला फुकट पायजे," दत्तू म्हणाला. आता त्याला नियम तोंडपाठ झाले होते. "बाई म्हनून अर्धं माफ. आन् माजी साथीदार म्हनून उरलेलं अर्धं. पासष्टच्या वर असला की साथीदाराला अर्धं असतंय. मला सत्तर हाईत."

कंडक्टरनं शांतपणे सांगितलं की सवलत एकच मिळते, कुठली हवी ते वहिनींनी ठरवावं.

वहिनीनं दत्तूकडं एकदा बघितलं. "बाईची द्या," ती म्हणाली.

पूर्ण तिकीट चाळीस रुपये होतं. माझे दहा, दत्तूचे दहा, वहिनीचे वीस. कंडक्टरनं यंत्रातून तिन्ही तिकिटं काढली, बेरीज केली आणि तिघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"म्हणजे तिघं मिळून एक माणूस," तो म्हणाला. "सरका आत, सीट अडवू नका."