आतोबांचं थेटर

प्रोजेक्टरचं खोकं घरात आलं त्या दिवशी बायकोने एकच प्रश्न विचारला, "अहो, हे ठेवणार कुठे?"

मी नुसता हसलो. या विषयाचा मी तीन महिने अभ्यास केला होता. ल्युमेन, काँट्रास्ट, थ्रो रेशो हे शब्द मी झोपेतसुद्धा बडबडत होतो, असं तीच सांगते. अभ्यासात फक्त आमचा हॉल घ्यायचा राहिला होता.

वास्तविक गणित अगदी सोपं. १०० इंची चित्र म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरपं समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०० इंच. त्याची रुंदी भरते ८७ इंच, म्हणजे सव्वासात फूट. माझ्या प्रोजेक्टरचा थ्रो रेशो दीड. रुंदीच्या दीडपट लांब ठेवायचा, म्हणजे झाले जवळपास ११ फूट. टेप लावून भिंतीपासून ११ फूट मोजले आणि फरशीवर खडूने फुली मारली. फुली पडली ती बरोबर स्वयंपाकघरात जायच्या वाटेवर.

"छताला टांगू," मी म्हणालो.

"स्लॅबला एक भोक पाडायचं नाही," बायको म्हणाली. "वरच्यांचं बाथरूम आधीच आपल्या हॉलमध्ये उतरायला बघतंय."

मग वाटेच्या कडेला टीपॉय आला. टीपॉय बुटका, म्हणून प्रोजेक्टरच्या पुढच्या पायांखाली दिवाळी अंक आले. दोन विनोदी, एक ज्योतिषाचा आणि एक जाहिरातींनी जाडजूड झालेला. प्रोजेक्टरने मान वर केली आणि भिंतीवर चित्र उमटलं. वर रुंद, खाली अरुंद.

"भावजी, सूप आहे का हो हे?" मेहुण्याने विचारलं.

मी त्याला कीस्टोन समजावून सांगितलं. झोत तिरपा गेला की वरच्या कडेला जास्त लांब जावं लागतं, म्हणून तिकडे तो जास्त पसरतो. मेन्यूत 'कीस्टोन करेक्शन' असतं, ते दाबलं की सूप पुन्हा चौकोनी होतं. दाबलं, झालंही. मात्र हे करेक्शन प्रकाशाला सरळ करत नाही. प्रोजेक्टर आतल्या आत चित्रच उलट्या सुपासारखं आवळतो, कडेचे ठिपके वाया घालवतो आणि उरलेल्यांत सगळं कोंबून बसवतो. फुल एचडी चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांचे पैसे मी मोजले होते आणि त्यातले किती भिंतीवर पोचत होते देव जाणे. अक्षरं लोकरीची दिसायला लागली. प्रोजेक्टर सपाट ठेवून टीपॉयच उंच करायचा, हा खरा इलाज होता. पण तो फार साधा होता आणि माझा अभ्यास तीन महिन्यांचा होता.

मेहुण्याच्या बायकोची वेगळीच तक्रार. पांढऱ्या अक्षरांवरून नजर फिरवली की तिला लाल-हिरव्या-निळ्या रेघा दिसायच्या. मी तिला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. तिने तपासून घेतला, नंबर होता तसाच होता. पुढे वाचनात आलं की माझ्या जातीच्या प्रोजेक्टरमध्ये एक रंगीत चक्र गरगर फिरतं. लाल, हिरवा, निळा हे रंग भिंतीवर एकदम पडत नाहीत, एकामागून एक पडतात आणि त्यांचं मिश्रण आपले डोळे करतात. काहींचे डोळे या फसवणुकीला बळी पडत नाहीत. डॉक्टरांची फी मी अजून दिलेली नाही.

आता अंधार. थेटर म्हटलं की अंधार हवा, आणि आमच्या हॉलमध्ये दिवे घालवले तरी रोषणाई सुरूच. सेट-टॉप बॉक्सचा लाल डोळा, राउटरचे हिरवे, इन्व्हर्टरचा लुकलुकणारा. वायरमन विसरून गेलेलं काळ्या टेपचं भेंडोळं मी काढलं आणि एकेका दिव्याचं तोंड बंद केलं. प्रोजेक्टरच्या तोंडावरही एक निळा दिवा होता, आणि त्याला लागूनच एक न पेटलेला. तो उद्या पेटला म्हणजे? दोघांवर मिळून एकच लांब पट्टी लावली, अंगठ्याने दाबून दाबून. (एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

शनिवारी संध्याकाळी शुभारंभ. सासूबाई, मेहुणा, त्याची बायको, त्यांचा तीन वर्षांचा चिरंजीव, इंजिनिअरिंगला असलेला भाचा, शेजारचे काका-काकू अशी मंडळी जमली. पिक्चर १९८८चा 'अशी ही बनवाबनवी', कारण त्यावर तीन पिढ्यांचं एकमत होतं. सुरुवातीला मी चार शब्द बोललो. आपण कल्याणला राहतो हा काही साधा योगायोग नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' काढली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे कंदील, समोर पडदा, आणि रामायण-महाभारतातले प्रसंग पडद्यावर हलायचे. शंबर हा मायावी राक्षस, त्याच्यावरून ते नाव. तेव्हा आज तुम्ही जे बघणार आहात—

"जावईबापू, चिवडा आत्ता आणू की मध्यंतरात?" सासूबाईंनी विचारलं.

मी रिमोट उचलला आणि मोठ्या ऐटीत समोरच्या भिंतीवर रोखला. सगळे हसले. त्यांना वाटलं मी गोंधळलो. त्यांना काय माहीत, प्रोजेक्टर आपल्या पुढे असला की रिमोट त्याच्या पाठीकडे रोखण्यात अर्थ नसतो. पडद्याकडे रोखायचा, किरण आपटून परत येतात आणि त्याच्या तोंडावर पडतात. हेही मी सांगितलं. मग बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सेल काढले, तळव्यावर चोळले, जागा बदलून घातले. सेल चोळल्याने काही होत नाही हे मला माहीत आहे, पण माझे वडील चोळायचे.

शेवटी प्रोजेक्टरच्या डोक्यावरचं बटण दाबून पिक्चर सुरू केला. आवाज वेगळ्या स्पीकरमधून होता, तो दणदणीत आला. चित्र मात्र फिकट होतं. सिनेमा मोड लावायचा होता आणि रिमोट मुका. भाच्याने मोबाइल काढला. "काका, रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून दाबा." दाबला. मोबाइलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट चमकला. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड कॅमेऱ्याला दिसतो.

"रिमोट चांगलाय," भाचा म्हणाला.

हा क्षण मी पुन्हा पुन्हा आठवतो. पुरावा समोर चमकत होता. पण त्याच आठवड्यात मी वाचलं होतं की रिमोटचा उजेड नुसता पडून चालत नाही, तो सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकावा लागतो, तरच समोरचा त्याला ओळखतो. "उजेड आहे रे," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "पण त्याची फ्रिक्वेन्सी घसरली असणार." भाचा गप्प बसला. मोठ्यांसमोर बोलायचं नाही, असं त्याला आम्हीच शिकवलंय.

ट्यूबलाइटच्या उजेडानेही रिमोट बिघडतो, म्हणून स्वयंपाकघरातली ट्यूब घालवली. सासूबाई अंधारात चिवड्याचं ताट घेऊन निघाल्या आणि वाटेवरच्या झोतात सापडल्या. भिंतीवर सव्वासात फुटी पिक्चरमध्ये सासूबाई आणि चिवडा. त्या वाकून जायच्या, सावलीही वाकून जायची. पिक्चरपेक्षा या प्रसंगाला जास्त हशा पडला.

मी वरच्या पाच बटणांवर चाचपडत मेन्यू काढला. अंधारात नेमकं काय दाबलं ते सांगता येत नाही, पण भिंतीवरचं जग एकदम फिरलं. दुकानांच्या पाट्या उलट्या आणि अशोक सराफ डावखुरे. प्रोजेक्टरला वाटायला लागलं की आपण पडद्याच्या मागे आहोत. मेन्यूही आरशातला झाला. उजवीकडचा बाण दाबला की खूण डावीकडे पळायची.

"राहू द्या हो असंच," शेजारचे काका म्हणाले. "आम्ही लहानपणी गणपतीतले सगळे पिक्चर असेच पाहिले. रस्त्यात पडदा बांधायचे, पुढे ही गर्दी. आम्ही पडद्यामागे पोतं टाकून बसायचो. पाय पसरायला जागा. नावं उलटी, पण तिकडून वारा छान यायचा."

"मग हिरो डावखुरा नाही वाटायचा?" भाच्याने विचारलं.

"कित्येक वर्षं मला तो डावखुराच वाटायचा. पुढे थेटरात गेलो तेव्हा म्हटलं, हा दुसराच कुणीतरी घेतलाय."

त्यांचं ऐकून थांबलो असतो तर संध्याकाळ पार पडली असती. पण अगदी जवळून, वीतभर अंतरावरून, रिमोट कधीमधी चालतो असा शोध मला लागला. त्यासाठी प्रोजेक्टरच्या पुढ्यात, भिंतीकडे पाठ करून उकिडवं बसावं लागत होतं. मी बसलो. पिक्चर भिंतीवरून निघून माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर आला.

"आतोबांच्या पोटावर पिक्चर!" चिरंजीव टाळ्या पिटत ओरडले.

त्या झोतात डोळे मिटून मी एकेक बटण दाबत गेलो. त्यातलं एक लागलं. ते होतं 'ब्लँक'. पडदा काळाकुट्ट, स्पीकर सुरूच. दिवा गेला, असं मी जाहीर केलं. पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, हजारो तास चालतो, पण एकदा गेला की गेला.

"किती तास झालेत?" मेहुण्याने विचारलं.

"अकरा."

"मग बाजूच्या जाळीतून उजेड येतोय तो कसला?" भाच्याला राहवलं नाही.

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात अंधारात काकूंनी पुढचा संवाद म्हटला, स्पीकरच्याही आधी. मग मेहुण्याने. मग सासूबाईंनी, ज्यांच्या तोंडून मी आजवर देवाच्या आरतीशिवाय काही पाठ ऐकलं नव्हतं. पिक्चर त्या रात्री शेवटपर्यंत झाला. फक्त दिसला नाही. निघताना सगळे म्हणाले, फार मजा आली. मी रात्री बाराला मोबाइलवरून ८५० रुपयांचा नवा रिमोट मागवला.

रविवारी सकाळी घरात कुणी उठायच्या आत चष्म्याच्या फडक्याने लेन्स पुसत होतो. उष्णतेने काळ्या पट्टीचं एक टोक सुटून वर आलं होतं. ते मी अंगठ्याने परत दाबून बसवलं. मग अंगठा तिथेच राहिला. हळूहळू पट्टी सोलली. निळ्या दिव्याशेजारी तो न पेटलेला दिवा होता. नीट पाहिलं तर तो दिवा नव्हताच. छोटी, काळपट तांबडी खिडकी होती. माहितीपुस्तिका काढली. पहिल्याच चित्रात त्या खिडकीवर बाण होता आणि पुढे लिहिलं होतं, रिमोट सेन्सर. पुस्तिका मी आधी वाचली होती, पण प्रगत सेटिंगच्या प्रकरणापासून. सुरुवातीचं सगळं नवख्यांसाठी असतं.

जुना रिमोट भिंतीकडे रोखला. एका दाबात प्रोजेक्टर सुरू. फ्रिक्वेन्सी ठणठणीत होती.

मोबाइलवर ऑर्डर रद्द करायचं बटण होतं. दाबायला एक सेकंद पुरला असता. पण मग सांगायचं काय? नऊ माणसांनी अंधारात बसून चिवडा खाल्ला, कारण मी प्रोजेक्टरच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती? शिवाय भाच्याला फोन करावा लागला असता. बटण दाबलं नाही. पट्टीची गोळी केली आणि ग्रिलमधून खाली टाकली.

बुधवारी नवा रिमोट आला. "जुन्याचं सर्किटच बाद झालं होतं," मी बायकोला म्हणालो. तिने जुना रिमोट माझ्या हातातून घेतला आणि भंगाराच्या पिशवीत न टाकता कुठेतरी ठेवला. तिचं काही वाया जात नाही.

पुढच्या शनिवारी तीच मंडळी. टीपॉयखाली विटा, चित्र सरळ, अक्षरं कोरीव. नव्या रिमोटने पहिल्या दाबात पिक्चर सुरू झाला तेव्हा शेजारच्या काकांनी टाळी वाजवली. मेहुणा म्हणाला, "भावजींचं निदान अचूक निघालं." मी हात हलवून, असू दे असू दे, असं केलं. भाचा माझ्याकडे बघत होता, पण अंधार होता.

वीस मिनिटं सुखात गेली. मग भिंत एकाएकी काळी झाली. आवाज सुरूच. मी रिमोट दाबला, चित्र आलं. दोन मिनिटांनी मेन्यू आपोआप उघडला, त्यातली खूण सैरावैरा पळाली आणि अशोक सराफ पुन्हा डावखुरे झाले.

"आता हो काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. माझ्यामागे, काकूंच्या मांडीला टेकून चिरंजीव उभे होते. त्यांना खेळायला बायकोने काहीतरी दिलं होतं. ते दोन्ही हातांत धरून त्यांनी थेट भिंतीवर रोखलं होतं, अगदी मी शिकवल्यासारखं. बायको मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"व्होल्टेज," मी म्हणालो.